पारसचा आलेख

पारस गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळोद्याच्या बाजारातल्या चबुतऱ्यावर कबुतरांना ज्वारी टाकत होतो. सुरतेहून त्याची मुलगी निशा बोलत होती, "काका, पप्पा गेले..." आणि मी मूर्खासारखा विचारत होतो, "कुठे गेले?" दवाखान्यात ऑक्सिजनवर असलेला माणूस कुठे जाणार होता? सव्वा महिना झाला, त्या प्रश्नाची अजून लाज वाटते. त्याहून मोठी लाज पुढे आहे, आणि तीच सांगायला बसलोय.

पारसचं भांड्यांचं दुकान, मी हायस्कुलात गणिताचा मास्तर. त्याचे आजोबा मारवाडातून आलेले, मी इथलाच, शेती कोरीट गावाला. पण त्याच्या घरात मला कधी कुणी पाहुणा म्हटलं नाही. दुकान उघडण्याआधी कबुतरांना दाणे टाकायचे, हा त्याचा नेम. मी चिडवायचो, "शेठ, गिऱ्हाइकाला एक चमचा फुकट देत नाहीस, अन् कबुतरांना पायलीभर!" तो पोट धरून हसायचा. पुढे हसता हसता खोकू लागला, आणि वर्षभरात जिन्याच्या मधल्या पायरीवर दम घ्यायला बसू लागला.

सुरतेच्या डॉक्टरांनी स्कॅन आणि रक्ताचे रिपोर्ट बघून सांगितलं, कबुतरांच्या विष्ठेची, पिसांची धूळ याला बाधलीय. फुफ्फुसाच्या आतल्या नाजूक जाळीला सूज येऊन ती ताठर होत चाललीय. त्यांनी रक्तातल्या एका प्रथिनाचं समजावलं. फुफ्फुसाचं अस्तर दुखावलं की ते रक्तात जास्त झिरपतं. दुखणं वाढलं की आकडा चढतो, शमलं की उतरतो. एकट्या आकड्यावर निदान होत नाही, पण आजार कुठे चाललाय त्याचा अंदाज येतो. मग म्हणाले, "दाणे टाकणं आजपासून बंद." पुढे दर खेपेला ते विचारायचे, "घरात कोणी पक्ष्यांना दाणे टाकतं का?" घरचे नाही म्हणायचे. मी शेजारीच बसलेलो असायचो.

नेम मोडला, हे पारसच्या जिवाला फार लागलं. मी मनाशी ठरवलं, तो आपण चालवायचा, आणि हा बरा झाला की सांगायचं. रोज सकाळी कोरीटची ज्वारी खांद्यावरच्या टॉवेलात बांधायची, चबुतऱ्यावर टाकायची, टॉवेल झटकायचा आणि तिथून थेट पारसच्या पलंगाशी जाऊन बसायचं. लाइट गेली की त्याच टॉवेलानं मी त्याला वारा घालायचो.

महिनाभर तो निशाकडे सुरतेला राहिला, आकडा उतरला. तळोद्याला परतला, चढला. प्रत्येक रिपोर्टचा ठिपका मी आलेखाच्या कागदावर मांडत होतो, तो कागद त्याच्या कपाटाला चिकटवलेला. आयुष्यभर कॉप्या पकडलेला माणूस मी! सरळ म्हणालो, "मागच्या दारी चोरून टाकतोस ना दाणे? हा कागद खोटं बोलत नाही." त्याचा चेहरा पडला. "तुन्ही आन, मास्तर, एक दाना बी टाकेल नही. मन्हावर भरोसा नही का तुले?" मी तोंड फिरवलं. पुढे माझा पाय मोडला, दीड महिना प्लास्टर घालून घरात पडून होतो. आकडा पुन्हा उतरला. मी फोनवर शेखी मिरवली, बघ, माझ्या रागावण्याचा गुण आला! तो नुसता "हाव रे" म्हणाला. प्लास्टर निघालं, मी पुन्हा चबुतऱ्यावर जायला लागलो... आणि पुढचा ठिपका कागदाच्या वरच्या कडेला टेकला.

उठावणं, म्हणजे त्यांच्याकडची शोकसभा, झाल्यावर निशा कपाट आवरत होती. तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, "पप्पांचा नेम मी चुकू दिला नाही हो, बेटा. पाय मोडला तेवढाच खंड." हातातले कपडे तसेच धरून ती थांबली. "कधीपासून, काका?" मी सांगितलं. ती कागदाकडे वळली. पहिली उतरण सुरतेची. दुसऱ्या उतरणीवर तिनं बोट ठेवलं आणि विचारलं, "तुमचा पाय प्लास्टरमध्ये होता तो हाच काळ ना?"

अरे देवा... चबुतऱ्यावरची धूळ रोज त्या टॉवेलात बांधून त्याच्या पलंगाशी मीच नेत होतो. निशा रागावली असती तर सोसलं असतं. तिनं मला पाणी आणून दिलं. मी स्वतःला त्या घरचा म्हणवायचो, आणि डॉक्टरांच्या त्या एका प्रश्नाला मात्र मी घरचा नव्हतो! नंतर डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, कपड्यांवरून धूळ जाऊ शकते, पण तेवढ्यानंच झालं असं आता कोणी सांगू शकणार नाही. या उत्तरानं मला झोप लागत नाही.

माझा टॉवेल त्याच्या पलंगाच्या कठड्यावरच राहिला होता. निशानं तो धुऊन, घडी घालून परत दिला. कागद मी मागून आणला, आता तो माझ्या भिंतीवर आहे. चबुतऱ्यावर जात नाही. त्या वेळेला कागदासमोर उभा राहतो आणि तेव्हा द्यायचं राहिलेलं उत्तर त्याच्याच बोलीत मोठ्यानं देतो, "शे रे, पारस. भरोसा शे तुन्हावर."