मुके भाऊ

धानोऱ्याकडच्या गावांत त्यांना मुके भाऊ म्हणत. वाचा चांगली खणखणीत होती; पण एक प्रश्न विचारला की हा गृहस्थ जो गप्प बसे, तो समोरचा संकोचून बोलू लागेपर्यंत. क्षयाचे रोगी इंजेक्शनं अर्धवट का सोडतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं आमचं काम. मी नवी होते, प्रश्नांची सरबत्ती हाच माझा पराक्रम. "बाई, आपण पोलीस नाही," ते म्हणत.

लोक मोहफुलांवर बोलत, रानडुकरांवर बोलत, जावयाच्या तक्रारी सांगत. भाऊ सगळं ऐकत. मग मधेच एखादा म्हणे, "सुई घेतली का कानात भुंगा वाजत राह्यते, भाऊ." डॉक्टरांना तो बहाणा वाटे. भाऊंनी अहवालात तो जसाच्या तसा घातला.

पुढे भाऊंनाच क्षय झाला. त्यांच्याही कानात भुंगा वाजू लागला, पण ते कुणाला बोलले नाहीत. सुया मधे सोडल्या तर कुठल्या तोंडानं गावात जाऊ, असं मला नंतर म्हणाले. छाती बरी झाली, कान गेले. मला त्यांचा फार राग आला, अजूनही येतो. गावात मात्र कुणाला पत्ताच लागला नाही. मुळात गप्प बसणारा माणूस बहिरा झालाय, हे कळणार कसं?

शेवटच्या फेरीत एका विधवेकडे गेलो. तिचा नवरा सुया मधेच सोडून गेलेला. हिनंच त्या बंद करवल्या, असं सासरचे म्हणत. वर्षभर ती आमच्याशी धानाबद्दल बोले, नवऱ्याबद्दल चकार शब्द नाही. त्या दिवशी मला म्हणाली, "तुमी बाहेर बसा, बाई. मले भाऊसंग बोलाचं हाय."

अंगणातून दिसत होतं. तोंडाशी पदर धरून ती बोलत होती, रडत होती, आणि भाऊ तिच्याकडे पाहत मान हलवत होते. बाहेर आली ती मोकळी होऊन. आम्हाला चहा करून दिला.

एसटीत मी खुणेनं विचारलं, काय म्हणाली?

"एक अक्षर कळलं नाही," ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की निम्मी गाडी वळून पाहू लागली. त्यांचे डोळे वाहत होते. मलाही रडू आवरेना. मी पुन्हा जाऊन विचारते, असं खुणावलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"नको. तिचं सांगून झालंय."