कॉफीत पडलेली माती

वेलदोड्याच्या कॉफीचा वास आला, की आखातातल्या दस्मान राजवाड्याजवळची ती गढीसारखी जुनी कोठी डोळ्यांपुढे येते. साठचं दशक होतं, मी तिथे कामाला गेलेला रत्नागिरीचा गवंडी. कोठीच्या अरब मालकाला दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठा दिवाणखाना हवा होता. छताचे वासे मात्र तिच्यावरच टेकलेले. "शेठ, छत खाली येईल," मी बजावलं. "माझ्या आजोबांचं घर मला शिकवतोस?" माझं डोकं फिरलं. "मग इथेच बसून कॉफी प्या, मी घण घालतो." तो हट्टाने बसला. पहिल्या घावाला वासे करकरले, दुसऱ्याला त्याच्या कॉफीत माती पडली. तो कपाकडे बघतच राहिला. "राहू दे, उस्ताद." मी घण खाली ठेवला. आता मुलाने फ्लॅटमधली भिंत पाडून हॉल मोठा केलाय. सूनबाईंनी कॉफी दिली, की मी आधी कपात बघतो.