आईच्या नावावरची फाइल

"या नावाची फाइलच नाही आमच्याकडे," मी तिसऱ्यांदा कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं.

खिडकीपलीकडे नाचणगावचे नवरा-बायको उभे होते. शेतकरी माणसं. चार वर्षांची मुलगी वडिलांच्या कडेवर. परवा तिचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. जन्मल्यावर तिचं एक ऑपरेशन आमच्याच हॉस्पिटलमध्ये झालं होतं. दत्तक देताना संस्थेने दिलेल्या कागदावर त्याबद्दल एकच ओळ होती : भूल देताना त्रास झाला. कसला त्रास, कोणत्या औषधाने, काही नाही. भुलीच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, जुनी फाइल पाहिल्याशिवाय मी भूल देणार नाही.

"साहेब, कलेक्टर ऑफिसची दत्तकाची ऑर्डर हाये, जन्माचा दाखला हाये. दोन्हीवर आमचंच नाव हाये," बाई म्हणाल्या. "अजून काय पाह्यजे?"

"रेकॉर्डमध्ये नाव जुळायला पाहिजे."

मी मेडिकल रेकॉर्ड विभागात अकरा वर्षं आहे. पेशंट घरी गेला की त्याची फाइल आमच्याकडे येते, आम्ही ती सांभाळतो. आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला पहिला माणूस मी. नियम मला तोंडपाठ, आणि त्याचा मला अभिमान. त्या दिवशी तोच नडला.

प्रकरण सुपरिंटेंडंट मॅडमकडे गेलं. त्यांनी एकच विचारलं, "नुकत्याच जन्मलेल्या बाळाची फाइल तुम्ही कोणाच्या नावाने लावता?"

आता माझ्या लक्षात आलं. बाळाला तेव्हा नाव नसतंच. फाइलवर आम्ही 'बेबी ऑफ' लिहून पुढे आईचं नाव टाकतो. म्हणजे फाइल होती, पण जन्मदात्रीच्या नावावर. आणि ते नाव दत्तक घेणाऱ्यांना सांगता येत नाही. पण पालक म्हणून मुलीच्या उपचारांची प्रत मिळण्याचा हक्क त्यांचा होताच. मॅडमनी संस्थेला फोन केला. संस्थेने भरतीचा नंबर थेट मॅडमनाच कळवला. त्या नंबरवरून फाइल जुन्या रॅकमध्ये सापडली. भुलीच्या पानावर एका औषधाचं नाव, खाली लाल रेघ.

आता झेरॉक्स. आईचं नाव-पत्ता जिथे जिथे, तिथे कागदाची पट्टी ठेवून मी एकेक पान काढलं. एकोणचाळीस पानं. गठ्ठा बाईंच्या हातात दिला. त्या उभ्या-उभ्याच चाळायला लागल्या, आणि मधेच एका पानावर त्यांनी तळवा दाबला.

"साहेब, इथं तुमची पट्टी सुटली."

नोकरीवर बेतणारी चूक होती ती.

"मी वाचलं नाई. 'मदर' एवढंच दिसलं अन् हात ठेवला. झाका ते."

"दहावी पास हाये ती," नवरा म्हणाला. "मले देल्लं असतं पान तं काई भेव नव्हतं. मले इंग्रजीच येत नाई."

"तुम्ही चूप राहा," बाई म्हणाल्या. हात तसाच.

मला राहवलं नाही. "ताई, एक नजर टाकावी असं नाही वाटलं?"

"वाटते न. कोन होती, कशी होती, रोज वाटते. पन ते पोरीचं हाये. मोठी झाली अन् तिनं इचारलं तं पाहू. तिच्या आधी मी काऊन वाचू?"

मी पट्टी आत सरकवली, तेव्हा त्यांनी हात उचलला; ते पान मी पुन्हा झाकून काढून दिलं. गोपनीयतेचं ट्रेनिंग मी दरवर्षी नव्या लोकांना देतो, स्लाइड्स दाखवतो. असा हात मी कधी पाहिला नव्हता.

ते औषध टाळून ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मुलगी आपल्या पायांनी घरी गेली.

खिडकीवर 'फाइल नाही' म्हणण्याआधी आता मी विचार करतो, पेशंट तेव्हा कोणाच्या नावावर भरती होता. आणि झाकलेली झेरॉक्स दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय देत नाही. घेणारा दर वेळी इतका सांभाळून घेईलच, असं नाही.