छप्पन्न अंशांची परीक्षा

नात उकडलेलं अंडं सोलू लागली, की मला पाटोद्याच्या दवाखान्यातली तरुण मी आठवते आणि हसू येतं.

रक्तातलं पिवळं पाणी छप्पन्न अंशांवर अर्धा तास तापवलं, की तपासणाऱ्याला रोग लागायची भीती कमी होई. मी अतिशहाणी! जास्त तापवलं तर जास्त बरं, म्हणून खळखळ उकळलं. नळीत उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा गोळा झाला.

"कावून गं, जेवाया बसायचंय काय?" माझ्या वरिष्ठ बाईंनी विचारलं.

जिचं रक्त मी वाया घालवलं, त्या चकलांब्याच्या गरोदर बाईनं पुन्हा हात पुढं केला. "आता तरी शिजवू नका," म्हणाली.

दुसऱ्यांदा रक्त काढून नळी तापत ठेवली, तेवढ्यात वीज गेली. तिला तिसऱ्यांदा टोचायची माझी छाती नव्हती. स्टोव्ह पेटवून पाण्याचं पातेलं ठेवलं, त्यात नळी आणि तापमापक सोडला. पारा छप्पन्नच्या वर चढला की गार पाणी ओतायचं, उतरला की पंप मारायचा. अर्ध्या तासानं नळी उजेडात धरली, तर पाणी मधासारखं स्वच्छ!

"जमलं की गं!" बाई ओरडल्या. ती नळी मी नवरदेवासारखी दवाखानाभर मिरवली.