पुरून उरो

स्कोफिल्ड्सला आमच्या शेजारी एक मलेशियन चिनी बाई राहायच्या. आम्ही त्यांना आंटी म्हणायचो. कशालाही त्या "कॅन, कॅन" म्हणायच्या; नाही म्हणायचं असलं की नुसत्या कुंपणापलीकडे बघत राहायच्या. आता त्या आपल्या मुलीकडे पर्थला गेल्यात, पण चिनी नववर्ष आलं की मला त्यांचं गराज आठवतं.

तिथे टेबलावर भलंमोठं ताट असायचं. किसलेलं गाजर, मुळा, कच्चा मासा. एकेक जिन्नस घालताना त्या त्याचं शुभवचन म्हणायच्या. मग सगळ्यांनी मिळून चॉपस्टिक्सनी ते उडवायचं. जितकं उंच, तितकी भरभराट.

एका वर्षी पुण्याहून आई आली होती. ती शाकाहारी, म्हणून आंटींनी ताटात मासा घातलाच नाही.

"नो फिश, नो लक!" त्यांचा भाऊ चिडला.

आंटींनी रिकाम्या बोटांनी ताटात काहीतरी सोडल्यासारखं केलं आणि माशाचं वचन मोठ्याने म्हटलं. दरवर्षी पुरून उरो, असा त्याचा अर्थ.

"फिश, आय से ऑलरेडी. कॅन."

आईला चॉपस्टिक्स जमेनात. तिने सरळ हाताने कीस उडवला आणि ओरडली, "इडा पिडा टळो!"

"व्हॉट शी से?" आंटींनी मला विचारलं.

"बॅड लक, गो अवे."

"गुड! एव्हरीबडी से!"

गराजभर "इडा पिडा टालो" घुमलं. सगळ्यांत मोठ्याने तो भाऊ ओरडत होता. आईच्या केसांत गाजराचा कीस अडकला होता. घरी येईपर्यंत तिने तो काढला नाही.