बांधापलीकडचा चौथरा

माझ्या सासूबाई दूधवाल्यासमोर बोट बुडवून दूध चाखतात आणि मगच पातेलं पुढे करतात. दूधवाला त्यांचा सख्खा भाचा आहे. गिरणीत दळण टाकलं की पीठ डब्यात पडेपर्यंत त्या तिथून हलत नाहीत. गिरणीवाला आपली ज्वारी ठेवून दुसऱ्याची हलकी देतो अशी त्यांची खात्री आहे. लग्न होऊन मी धारूरजवळच्या या डोंगरकडेच्या वस्तीवर आले, तेव्हा मी लावलेलं कुलूप त्या माझ्यासमोरच पुन्हा ओढून बघायच्या. सुरुवातीला मला रडू यायचं. पुढे सवय झाली, आणि खरं सांगायचं तर आता मीही एकदा ओढून बघते.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्यांचं नाव छबुबाई, मामांचं गहिनीनाथ. मामा अगदी उलट होते. कोणी काहीही सांगितलं तरी ‘असंल’ म्हणून मान हलवायचे. आत्यांच्या संशयातून अख्ख्या शिवारात एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे मामा. ‘माझ्या माणसाला खोटं बोलायचं डोकंच न्हाई,’ असं त्या कौतुकानं सांगायच्या.

आमच्या रानाला लागूनच मामांच्या धाकट्या भावाचं, त्रिंबकनानांचं रान आहे. माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी नानांच्या ट्रॅक्टरनं नांगरताना बांधाची कड ओढली. चुकून ओढली असं नाना म्हणाले. आत्यांनी बांधावर उभं राहून त्यांना जे ऐकवलं ते गावातली माणसं अजून रंगवून सांगतात. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. नानांच्या मुलीच्या लग्नाचं साधं आवतणही आलं नाही.

गेल्या वर्षी पौषात, तुरीची रास घरी आल्यावर, मामा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. आमच्याच रानात, बांधाजवळच्या मोकळ्या जागेत त्यांना अग्नी दिला. नाना आले होते. त्यांनी खांदा दिला, सगळं आटपेपर्यंत एका बाजूला उभे राहिले आणि कोणाशी न बोलता गेले. घरी आल्यावर आत्यांचं पहिलं वाक्य होतं, “हद्द कुठवर धरली ते बघायला आलता.”

वर्ष होत आलं तेव्हा आम्ही स्वयंपाकघराचं काम काढलं होतं. मामांच्या मनात ते फार दिवस होतं. शेणानं सारवलेली जमीन काढून फरशी, भिंतीला टाईल्स आणि आत्यांना बसून भाकरी करता येईल अशी बुटकी चूल. माझे यजमान अमरसिंह केजला एका शाळेत कारकून आहेत. ते सकाळी जातात आणि दिवस मावळताना येतात, त्यामुळे गवंड्यावर नजर ठेवायचं काम आत्यांनी स्वतःकडे घेतलं. आश्रुबा गवंडी म्हणजे गरीब माणूस. आत्या खुर्ची टाकून समोर बसायच्या आणि त्यानं वाळूत सिमेंट टाकलं की विचारायच्या, “एवढंच?” फरशी झाली की वर्षश्राद्धाच्या आत मामांच्या जागेवर चौथरा बांधायचा आणि त्यावर तुळस लावायची, असं आमचं ठरलं होतं.

एक दिवस आश्रुबा हातपाय धुताना म्हणाला की उद्यापासून दोन-चार दिवस त्याला जमणार नाही. आत्यांनी कारण विचारलं. त्यानं आधी टाळलं, मग सांगितलं की नानांनी बोलावलंय, गहिनीनाथदादांचा चौथरा बांधायचाय.

आत्यांनी पुढचा एकही प्रश्न न विचारता खुर्ची उचलून आत नेली. मी घाबरले ते त्यामुळे.

सकाळी आम्ही दोघी रानात गेलो. बांधाला लागून दगडांचा ढीग पडला होता, चांगला काळा, घडवलेला दगड. जवळच पांढऱ्या फक्कीनं चौकोन आखला होता. बांध तिथं इतका झिजलाय की चौकोन आमच्यात आहे की नानांच्यात, हे नुसतं बघून कळत नव्हतं. आत्या ढिगाभोवती फिरल्या, मग बांधावर बसल्या आणि त्यांनी मला त्यांच्या माहेरची गोष्ट सांगितली.

त्यांचं माहेर युसूफ वडगावकडचं. त्या लहान असताना वडील गेले. चुलते गोड बोलत आले. गेलेल्या भावाच्या नावानं काहीतरी करू म्हणाले आणि विहिरीच्या वाटेवर, आत्यांच्या आईच्या जमिनीत, म्हसोबाचं ठाणं बांधलं. आईनं हौसेनं नारळ फोडला. पुढच्या वर्षी चुलते म्हणाले, ही देवाची जागा, इथून बाईमाणसानं घागरी नेऊ नयेत. देव कोण हलवणार? वाट गेली, मग विहीर गेली.

“हे तुझ्या मामाला सोडून कुणाला सांगितलं न्हाई,” आत्या म्हणाल्या. “लोक हसतात. देवानं लुटलं म्हणून कुणाला सांगायचं?”

त्या दिवसापासून आत्यांचा मुक्काम बांधावर. तुरीच्या शेंगा तोडायच्या निमित्तानं सकाळी यायच्या ते उन्हं कलेपर्यंत. आश्रुबानं पाया खणायला घेतला तर त्याला आडूनआडून प्रश्न. किती खोल? कोणत्या अंगाला तोंड? नानांनी पुढं कुंपणाचं काही काढलंय का? तो बिचारा ‘मला काय म्हाईत मावशी’ एवढंच म्हणायचा. अमरसिंहांनी संध्याकाळी त्यांना समजावलं की सरळ नानांना जाऊन विचारू. आत्यांनी ते उडवून लावलं. गोड बोलणाऱ्याला विचारून काय उपयोग, त्याच्याकडे उत्तर तयारच असतं, असं त्यांचं म्हणणं. अमरसिंह आणखी काही बोलणार होते, पण थांबले. ते थांबणं माझ्या लक्षात राहिलं.

शेवटी आत्यांना मोजणीच्या दगडाची आठवण झाली. पूर्वी कधी सरकारी मोजणी झाली तेव्हा हद्दीवर दगड पुरले होते. बांधाच्या वरच्या टोकाचा दिसत होता, खालचा मातीत गडप झाला होता. आम्ही दोघींनी त्या टोकाला असलेल्या सीताफळीच्या बुडाशी कुदळीनं खणलं. मला वाटलं होतं काही सापडणार नाही. पण कुदळ खणकन वाजली आणि आत्या गुडघ्यावर बसून हातानं माती उपसू लागल्या. दगड निघाला. मग एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत आम्ही सुतळी ताणली.

चौकोन सगळाच्या सगळा नानांच्या रानात होता. आमच्या जमिनीला कुठं शिवलाही नव्हता.

मला हायसं वाटलं. आत्या मात्र सुतळीकडे बघत उभ्या राहिल्या. मग सुतळी गुंडाळून कमरेला खोचली आणि घरी आल्या. चहा पिताना म्हणाल्या, “जमीन न्हाई न्हेली. माणूस न्हेला.”

मामांना अग्नी आमच्या रानात दिला, मग चौथरा नानांच्या रानात कावून? आता वर्षश्राद्धाला दिवा लावायचा तर नानांच्या हद्दीत पाय ठेवायचा, त्यांची परवानगी घ्यायची. उद्या कुंपण घातलं की मामाही पलीकडे. मी हसण्यावारी नेणार होते, पण त्यांचा हिशोब बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी धुवट लुगडं नेसलं आणि मला बरोबर घेऊन त्या नानांच्या वस्तीवर गेल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नानांच्या बायकोनं, रुक्मिणीबाईंनी गडबडीनं घोंगडी अंथरली, तांब्या भरून आणला. आत्यांनी तांब्या हातात घेतला, पण पाणी प्यायल्या नाहीत. नाना गोठ्यातून आले आणि समोर उकिडवे बसले. चेहऱ्यानं ते मामांसारखेच आहेत. त्यांच्याकडे एवढ्या जवळून मी कधी बघितलं नव्हतं.

“भावजी, त्यांची जागा आमच्या वावरात हाय,” आत्या म्हणाल्या. “चौथरा तुमच्या वावरात कावून?”

“तुमच्या वावरात बांधू दिला असता का वैनी?”

आत्यांनी विचार केला. “न्हाई.”

“म्हणून.”

“मग बांधायचाच कावून? जित्या माणसाशी बोलला न्हाईत. आता दगडाचं प्रेम आलं?”

नाना खाली बघून जमिनीवर काडीनं रेघा ओढू लागले. रुक्मिणीबाई आत निघून गेल्या. मग नाना म्हणाले, “बोलत होतो आमी.”

मामा आणि नाना बोलत होते. भांडणानंतर वर्षभरातच बोलायला लागले होते. पिकाला पाणी द्यायला मामा गेले की नाना मोटारीपाशी यायचे आणि सीताफळीच्या आड, जिथं आता चौथऱ्याचा पाया खणलाय, तिथं दोघं बसायचे. तंबाखू मळायची, जनावरांचं बोलायचं, पोरांचं बोलायचं, मग एक जण वरच्या अंगानं जायचा, एक खालच्या. नानांनी हे हळूहळू, चाचरत सांगितलं.

आत्यांचा विश्वास बसला नाही. “कशावरून?”

“तुमच्या माहेरची म्हसोबाची गोष्ट म्हाईत हाय मला,” नाना म्हणाले. “दादानंच सांगितली. म्हणला, छबूवर राग धरू नगंस, तिचं असं झालेलं हाय. त्याच्यामुळंच तुमच्या हद्दीत दगूड ठेवला न्हाई.”

आत्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी उठून त्यांच्याजवळ गेले. त्यांनी मला बाजूला सारलं आणि नानांना विचारलं, “मला कावून सांगितलं न्हाई त्यांनी?”

“तुमी त्याला सुखानं जेवू दिलं नसतं वैनी.”

आम्ही परत आलो. पुढचे दिवस आमच्या घरात वाईट गेले. आत्यांना आता गावातल्या कोणाचा संशय उरला नव्हता. दूधवाल्याचं दूध बघितल्याशिवाय घेत होत्या. त्यांना मामांचा संशय आला होता. गेलेल्या माणसाची एकेक वर्ष त्या उलगडून बघत होत्या. तंबाखू सोडली म्हणाले होते. रात्रपाळीची लाईट नसतानाही पाणी द्यायला गेले होते. येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, आम्ही सगळे रानात जेवायला जायचो तेव्हा शिवारात शिंपडायला म्हणून आंबिलीची बिंदगी, म्हणजे मडकं, आणि मिसळीच्या भाजीचं, भज्जीचं पातेलं घेऊन मामा निघायचे आणि खूप वेळानं यायचे. “एवढी बिंदगी काय नुसती शिंपडली?” त्या एकदम मला विचारायच्या. “आन् भज्जीचं पातेलं? पाखरांना घालतो म्हणायचे. पाखरं एवढी भज्जी खात्यात व्हय?”

एका संध्याकाळी त्यांनी अमरसिंहांना समोर बसवलं आणि विचारलं, तुला ठाऊक होतं का. अमरसिंहांनी मान खाली घातली. म्हणजे ठाऊक होतं. लहानपणी त्यांनी दोघांना बघितलं होतं आणि मामांनी सांगू नको म्हणून सांगितलं होतं. आत्या उठून आत गेल्या. मीही त्या रात्री अमरसिंहांशी बोलले नाही. माझ्यापासूनही लपवलंच होतं की. आणखी काय काय लपवलं असेल, हा विचार माझ्याही मनात आलाच.

वर्षश्राद्धाच्या दिवशी आत्यांनी पहाटे उठून नव्या चुलीवर सगळा स्वयंपाक स्वतः केला. नानांना बोलवा असं त्या म्हणाल्या नाहीत, पण अमरसिंह त्यांना बोलवायला निघाले तेव्हा अडवलंही नाही. नाना आणि रुक्मिणीबाई आले. आत्यांनी नानांना वाढलं आणि तिथंच पाटाशी बसून राहिल्या. नानांना घास गिळेना. मग आत्यांनी विचारलं, “आन् काय म्हणायचे?”

“कोण?”

“तुमचा दादा. तिथं बसून आणखी काय काय बोलायचे?”

नाना गोंधळले. मग म्हणाले, दादाला मुंबईची समुद्राची गाडी बघायची होती, पाण्यावरची, म्हणजे बोट. आत्यांनी ठामपणे मान हलवली. असं कधीच म्हणाले नसतील, त्यांना पाण्याचं भ्या होतं. नाना म्हणाले, भ्या होतं म्हणूनच बघायची होती, लांबून. आत्यांनी त्यांच्या पानात आणखी आमटी वाढली.

चौथरा झाला, नानांच्याच रानात; आमचा वेगळा मग आम्ही काढला नाही. चांगला झालाय, आश्रुबानं जीव ओतून बांधलाय. आत्या त्यावर बसत नाहीत. कामं आवरली की त्या रानात जातात आणि आमच्या बाजूला, बांधावर बसतात. नाना पलीकडे चौथऱ्याला टेकतात. नाना मामांचं एखादं बोलणं सांगतात, आत्या त्याची उलटतपासणी घेतात. कधीची गोष्ट? तेव्हा कोणतं पीक होतं? त्या वर्षी तर तिथं हरभरा होता, मग ज्वारीत बसलो म्हणता ते कसं? नाना सारवासारव करतात. कधीकधी दोघं इतके तावातावानं बोलतात की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, पुन्हा बांधाचं भांडण लागलं.

एकदा मी आत्यांना विचारलं, नाना सांगतात ते खरं वाटतं का.

“निम्मं खोटं हाय,” आत्या तूर पाखडता पाखडता म्हणाल्या. “पण कोणतं निम्मं ते कळंना. म्हणून समदं ऐकून घेते.”

मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि मला थर्मासात चहा भरायला सांगितला. साखर जास्त टाक म्हणाल्या, भावजींना गोड लागतो. मी भरून दिला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, घट्ट लावलंय का ते फिरवून बघितलं आणि रानाकडे निघाल्या.