आधी मैदानावर, मग कागदावर

प्रा. दानिएल साळवे सरांची आणि माझी पहिली भेट बी.ए.च्या पहिल्या वर्षी फ्रेंचच्या वर्गात झाली. फ्रेंच का घेतले, असे सरांनी प्रत्येकाला विचारले. मी खरे तेच सांगितले, की आमच्या घरात कॉलेजात आलेली मीच पहिली; इंग्रजी निदान गल्लीत कुणाला तरी येते, फ्रेंचमधल्या माझ्या चुका काढायला आमच्या भिंगार गावात कुणीच नाही. वर्ग हसला. सर म्हणाले, "बसा. मीही त्याच विचाराने घेतलं होतं." पुढे पदवीपर्यंत त्यांनी माझी एकही चूक सोडली नाही.

पदवीनंतर सरांनी मला एका कामात सोबत घेतले. त्यांचे एक जुने विद्यार्थी कॅनडात, माँट्रियलच्या एका प्रकाशनात आहेत. शाळकरी मुलांना अमेरिकन फुटबॉल शिकवणारे इंग्रजी पुस्तक तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलांसाठी फ्रेंचमध्ये करायचे होते, आणि एका फ्रेंच प्रशिक्षकाची टिपणे इंग्रजीत. हा खेळ आम्ही कधी पाहिलेला नव्हता. फुटबॉल म्हणायचे आणि चेंडू हातात घेऊन पळायचे, हेच आम्हाला नवे. शब्दकोश उघडून प्रतिशब्द लिहिणे सोपे होते, पण सरांनी ते करू दिले नाही. जी क्रिया डोळ्यांनी पाहिली नाही तिचा शब्द लिहायचा नाही, हा त्यांचा नियम. शब्दही तिथली मुले मैदानावर एकमेकांना ओरडून सांगतात तोच हवा. त्यासाठी त्या विद्यार्थ्याला त्यांनी तिकडच्या शाळांच्या मैदानांवर पाठवले.

इकडे सरांनी लष्करी छावणीतल्या ओळखीच्या हवालदारांकडून रग्बीचा लांबट चेंडू मिळवला, फक्कीने रेघा मारून घेतल्या आणि कॉलेजच्या कबड्डीच्या मुलींना बोलावले. मी पुस्तकातले वाक्य मराठीत सांगायचे, मुलींनी तसे करायचे. त्यांची कर्णधार मंगल, खर्डा गावची. तिने विचारले, "सर, ह्यात दम धरायचा न्हाई, मंग बाद कवा व्हायचं?" चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा, हे सरांनी समजावल्यावर ती म्हणाली, "म्हंजी चार चढाया. असं सांगा की." ते सबंध प्रकरण आम्हाला त्या दिवशी उलगडले.

पळणाऱ्याला अडवून पाडण्याच्या प्रकरणाशी मात्र काम अडले. वाका आणि अंग झोकून द्या, असे पुस्तकात होते. मंगल सावकाश चालत तसे करू लागली आणि तिचे डोके समोरच्या मुलीच्या गुडघ्यावर आले. "थांबा," सर म्हणाले, "पुन्हा करून दाखवा." पुन्हा तेच. डोके कुठे ठेवायचे हे मूळ पुस्तकात नव्हतेच. सरांनी प्रकाशनाला फॅक्सने विचारले. उत्तर आले, की आहे तेवढे भाषांतर करा, नाहीतर काम दुसरीकडे देऊ. सरांनी कळवले, ज्या वाक्याने एखाद्या मुलाची मान मोडेल ते वाक्य मी फ्रेंचमध्ये नेणार नाही. मग तिकडून काहीच येईना.

माझे वडील लष्कराच्या डेपोत मजूर. तिथे टायपिस्टची जागा निघाली होती. हे काम गेले तर मी ती जागा धरायची आणि भाषेचा नाद सोडायचा, असे घरी ठरले होते. हे कळताच सर सायकलवरून आमच्या घरी आले. वडिलांना म्हणाले, "काम गेलं तर माझ्या हट्टानं जाईल, सुनंदा कमी पडली म्हणून नाही. हे माझ्या तोंडून कळावं म्हणून आलो."

"पन सर, नुकसान पोरीचंच हाय न्हवं?"

"आहे. म्हणून तिलाच विचारा. ती म्हणाली तर उद्या आहे तसं पाठवतो."

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मंगलचे डोके कुठे आले ते मी त्यांना सांगितले. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"मंग न्हाई पाठवायचं," ते म्हणाले.

उत्तराची वाट पाहता पाहता डेपोतली जागा दुसऱ्या कुणाला गेली. त्यानंतर फॅक्स आला. ज्यांची टिपणे आमच्याकडे होती त्या प्रशिक्षकांना प्रकाशनाने विचारले होते, आणि त्यांना सरांचे म्हणणे पटले होते. ते वाक्य दोन्ही भाषांत तुम्हीच लिहा, असे कळवले होते. सरांनी पेन माझ्या हातात दिले. मान वर, नजर समोर, डोके पळणाऱ्याच्या बाजूला, खांदा पुढे. मंगलने करून दाखवले, मग मी लिहिले. पुस्तकावर सरांनी माझे नाव स्वतःच्या नावाशेजारी छापायला लावले. आज भाषांतर हाच माझा व्यवसाय आहे. वडिलांना त्या पुस्तकातले अक्षरही वाचता येत नाही. पण घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते त्या वाक्याचेच पान उघडून दाखवतात.

सरांची साठी पूर्ण होत आहे. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो. शंभरी गाठेपर्यंत त्यांनी फक्कीच्या रेघेपाशी उभे राहावे आणि आमचे वाक्य पुढे जाण्याआधी म्हणावे, "थांबा, पुन्हा करून दाखवा."